काल काय जेवलात?

बारावीचा निकाल लागला, की आमच्या तालुक्याच्या गावात एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘मार्क कमी पडले ना? मग घाला गृहविज्ञानाला. पोळ्या लाटायला तरी शिकेल!’ ऐकणारेही हसतात. पण मैत्रिणींनो, या मुली कॉलेजात नेमकं काय शिकतात, हे त्यांच्या आयांनी एकदा बघायला हवं. आहारशास्त्र, सामुदायिक पोषण, सार्वजनिक आरोग्य असे त्यांचे विषय आणि प्रात्यक्षिकासाठी त्या येतात त्या आपल्याच वस्तीत!

मी काही शास्त्र शिकलेली नाही, साधी बी. ए. आहे. पण महिला मंडळाच्या कामामुळे प्रात्यक्षिकासाठी बायका गोळा करून देण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. त्या निमित्ताने या मुलींच्या पिशवीत काय काय असतं, ते मला जवळून बघायला मिळालं.

पहिलं असतं एक जाडजूड पुस्तक, आपल्या अन्नपदार्थांत काय किती आहे याचे तक्ते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं हे काम. ही संस्था १९१८ साली दक्षिणेत कुन्नूरला एका लहानशा खोलीत सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तयार केलेल्या तक्त्यांवर आहारशास्त्राच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. २०१७ मध्ये नवे तक्ते निघाले. देशाच्या सहा विभागांतून नमुने आणून ५२८ पदार्थ तपासले गेले.

आता त्यातले आकडे बघा. शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, तर पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह, तांदळात एकसुद्धा नाही. पेरूत ‘क’ जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे, संत्र्यात पन्नासच्या आत! आजारी माणसाला भेटायला जाताना आपण ऐपत नसतानाही संत्री घेऊन जातो आणि परसातले पेरू पाखरं खातात. आपल्या आज्या बाजरीची भाकरी खात होत्या, ते काही गरिबीचं लक्षण नव्हतं हो.

दुसरी वस्तू म्हणजे तीन रंगांची एक पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची. माप साडेबारा सेंटिमीटर किंवा वर असेल तर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारामध्ये पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. लाल आला तर मूल तीव्र कुपोषित, त्याला लगेच दवाखान्यात दाखवायचं. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही पट्टी कळते. तिसरा असतो वाढीचा तक्ता, अंगणवाडीत असतो तोच. मुलींसाठी गुलाबी, मुलांसाठी निळा. वजनाची रेघ वर चाललीय, की आडवी पडलीय, एवढं बघता आलं तरी आईला पुष्कळ कळतं.

आणि चौथी वस्तू अगदी साधी. मापाच्या वाट्या, चमचे आणि एक कोरा तक्ता. समोर बसून बाईला विचारायचं, ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं?’ वरण किती वाट्या? घट्ट की पातळ? भाकरी किती, केवढी? मग त्या पुस्तकातले तक्ते काढून बेरीज करायची. याला चोवीस तासांची आहार-आठवण म्हणतात. पोषणाची पाहणी करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेने १९७२ पासून कितीतरी वर्षं महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या खेड्यांत हीच पद्धत वापरली.

ही चौथी वस्तूच मला सगळ्यांत मोलाची वाटते. कारण खरी गंमत, खरं तर खरं दुखणं, इथेच उघडं पडतं. मुलीने विचारलं, ‘मावशी, काल काय जेवलात?’ की आपली बाई सांगू लागते, ‘यांना डब्यात भाजी-पोळी दिली, धाकट्याला दूध दिलं, सासूबाईंना मऊ भात केला...’ मुलगी पुन्हा विचारते, ‘आणि तुम्ही?’ मग बाई थांबते. आठवायला लागते. ‘मी? मी काय, चहा घेतला. मग उरलेलं खाल्लं.’ उरलेलं म्हणजे किती, हे तक्त्यात कसं लिहायचं, ते कुठलं पुस्तक सांगणार?

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यात आपण आहोत, सुना आहेत आणि पाहणीला येणाऱ्या मुलीही आहेत. रक्तक्षयावर दहा मार्कांचं उत्तर लिहिणारी पोर स्वतः सकाळी चहा-खारीवर कॉलेजला पळत असते. कॉलेजात याच मुलींनी एकमेकींचा तक्ता भरला, तेव्हा कितीजणींच्या ताटात हिरवी भाजी आठवड्यातून एकदाच निघाली. पुस्तकातला धडा तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली उतरला.

अडचण एकच. हे बहुतेक साहित्य इंग्रजीत. मुलगी ‘आयर्न’, ‘कॅल्शियम’ पाठ करते आणि आपण विचारतो, ‘म्हणजे आमटीत काय घालू गं?’ ज्या बाई हे वाटी, पळी, भाकरीच्या भाषेत सांगतात, त्यांच्या वर्गातल्या मुली वस्तीत बोलू शकतात. जेवणावर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. एवढ्या दोन वाक्यांना पैसा लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा वही-वाट्या घेऊन पोरी दारात आल्या, तर ‘नंतर या’ म्हणू नका. पाट द्या, पाणी द्या, अर्धा तास द्या. त्यांचं शिकणं आपल्या उत्तरावर अवलंबून आहे. उत्तर खोटं, तर बेरीजही खोटी. घराची लाज राखायला ‘सगळं खाते हो मी’ असं सांगू नका. नवऱ्याचं, मुलांचं ताट बाजूला ठेवा आणि फक्त स्वतःचं सांगा. सांगता सांगता आपल्यालाच ऐकू येईल, की ताटात काय नव्हतं. त्या संध्याकाळी भाजी सगळ्यांना वाढताना एक वाटी आधी आपल्यासाठी काढून ठेवली, तर त्या पोरींचं प्रात्यक्षिक खऱ्या अर्थाने पार पडलं म्हणायचं.