हजारातले उरलेले नऊशे नव्व्याण्णव

एक हजार प्रौढ माणसं घ्या आणि महिनाभर त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवा. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पाहण्यांवरून १९६१ साली असा हिशेब मांडला होता. महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. त्यांतले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागतं, ५ जणांना एक डॉक्टर दुसऱ्याकडे धाडतो आणि विद्यापीठाच्या बड्या रुग्णालयापर्यंत पोचतो अवघा एक. लॅरी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली अमेरिकेपुरता हा हिशेब पुन्हा करून पाहिला. मधल्या चाळीस वर्षांत स्कॅन आले, बायपास आली, औषधांची तर गणतीच नाही. तो शेवटचा आकडा मात्र एकाच्याही खालीच निघाला.

आणि जगभरातले डॉक्टर शिकतात ते मुख्यतः त्या एकाच्या खाटेपाशी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बराच वेळ पुढे वाचवेना.

मिरजेच्या किंवा मुंबईच्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. वॉर्डात तिने सर्पदंश पाहिलेत, पोटात पाणी झालेले रुग्ण पाहिलेत, क्षयाच्या नाना तऱ्हा पाहिल्यात. आता तिला अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं विशेष शाखेचं प्रशिक्षण, करायची आहे. तिथल्या परवान्यासाठी लागणाऱ्या यूएसएमएलईच्या परीक्षा ती देते. त्यांतल्या स्टेप वनला २०२२ पासून गुण नाहीत, फक्त पास-नापास. परदेशी पदव्यांची शहानिशा करणारी ईसीएफएमजी तिला प्रमाणपत्र देते. तरीही रेसिडेन्सीवाले विचारतात: आमच्याकडचा दवाखाना आतून पाहिला आहेस का? तुला ओळखणारा, तुझ्याबद्दल चार ओळी लिहील असा इथला कुणी डॉक्टर आहे का? या प्रश्नांसाठी ती साधारण चार आठवड्यांचं रोटेशन, म्हणजे तिथल्या एखाद्या दवाखान्यात शिकण्याची फेरी, घेते. पुष्कळदा ते फॅमिली मेडिसिनचं असतं, कारण परदेशी पदवीधरांना सामावून घेणाऱ्या शाखांमध्ये ही शाखा आहे. अमेरिकेतला साधारण दर चौथा डॉक्टर बाहेर शिकून आलेला आहे.

अशी रोटेशन्स निरनिराळी असतात. शिक्षण चालू असतानाच गेलं तर इलेक्टिव्ह, म्हणजे विद्यार्थ्याने निवडलेलं रोटेशन, मिळू शकते. पदवीनंतर एक्स्टर्नशिप मिळाली तर प्रीसेप्टरच्या, म्हणजे शिकवणाऱ्या डॉक्टरच्या, देखरेखीखाली रुग्ण तपासता येतो. अनेकांच्या वाट्याला येते ती ऑब्झर्व्हरशिप: बघायचं, ऐकायचं, रुग्णाला हात लावायचा नाही. या जागा मिळवून देणारे मध्यस्थही आहेत आणि ते भरपूर डॉलर घेतात. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: डॉक्टरबरोबर रुग्णाच्या खोलीत खरंच जाता येणार का, आणि शिफारसपत्र नेमकं कोण लिहिणार.

आता त्या खोलीत जाऊ. फॅमिली मेडिसिन ही अमेरिकेत १९६९ साली मान्यता मिळालेली विसावी विशेष शाखा. वयाची, लिंगाची, अवयवाची हद्द नसलेली. एका खोलीत लसीला आलेलं चार महिन्यांचं बाळ, शेजारच्या खोलीत गुडघा दुखतो म्हणून आलेले निवृत्त ट्रकचालक. आजोबांना मधुमेह आहे. डॉक्टर गुडघा बघतात आणि मोजेही काढायला सांगतात. खिशातून नायलॉनचा एक जाड धागा निघतो. आजोबा डोळे मिटतात. धाग्याचं टोक तळव्यावर टेकवून तो किंचित वाकेपर्यंत दाबला, की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. कळलं की आजोबांनी ‘हो’ म्हणायचं. अंगठ्याखाली धागा वाकतो आणि आजोबा गप्पच राहतात. संवेदना गेली आहे. उद्या बुटात खडा राहिला तरी त्यांना कळणार नाही. जखम होईल, चिघळेल, पाय जाण्यापर्यंत गोष्ट जाईल.

या धाग्याची कसोटी पक्की होण्यात लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयाचा मोठा वाटा आहे. तिथे १९६६ पासून शल्यविशारद पॉल ब्रँड काम करत होते. त्यांनी आपल्या वेल्लोरला, कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करताना ओळखलं होतं की बोटं झडतात ती मुख्यतः बधिरपणामुळे, वेदना कळत नाही म्हणून. वेल्लोरच्या कुष्ठरुग्णांनी शिकवलेली गोष्ट अशी फिरत फिरत अमेरिकेतल्या मधुमेह्याचा पाय वाचवते, आणि मिरजेची मुलगी ती तिथे कोपऱ्यात उभी राहून बघते.

तिच्या हातांना काम नसतं, म्हणून तिचे कान उघडे असतात, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली मोजून दाखवलं की रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात किंवा दुसरीकडे वळवतात. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात, जो फॅमिली डॉक्टरांचा होता, हा आकडा २३ सेकंद होता. पण त्यातच एक विलक्षण गोष्ट दिसली: ज्यांना पूर्ण बोलू दिलं, त्यांनी सरासरी फक्त ६ सेकंद जास्त घेतले. सहा सेकंद! तेवढं न थांबल्याने काय निसटतं ते या दवाखान्यात रोज दिसतं. तपासणी उरकते, आजोबा दाराच्या मुठीवर हात ठेवतात आणि मागे वळून म्हणतात, ‘बायको गेल्यापासून रात्री झोप नाही लागत.’ मूळ दुखणं पुष्कळदा असं दारातच सांगितलं जातं, आणि चांगला डॉक्टर तेव्हा पुन्हा खुर्चीत बसतो.

या चार आठवड्यांतला सर्वांत अवघड धडा मात्र गणिताचा आहे. समजा एक तपासणी आहे; ती शंभर आजाऱ्यांपैकी ९० जणांत आजार पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी ९० जणांना बरोबर मोकळं सोडते. मोठ्या रुग्णालयात गाळून गाळून आलेल्या हजारांमध्ये ५०० जणांना तो आजार असेल, तर ४५० खरे पॉझिटिव्ह निघतात आणि ५० खोटे. तपासणीवर बराच विश्वास ठेवावा असा निकाल. तीच तपासणी गल्लीतल्या दवाखान्यात करा, जिथे हजारात फक्त १० आजारी आहेत: खरे पॉझिटिव्ह ९, खोटे ९९. तपासणी तीच, डॉक्टरही तोच, पण इथे पॉझिटिव्ह आलेल्या दर बारा जणांतल्या अकरांना तो आजार नसतोच. वॉर्डात डोकेदुखी म्हटली की मेंदूतली गाठ आठवणं हे तिचं शिक्षण होतं, आणि ते तिथे योग्यच होतं. इथे त्याच सवयीने प्रत्येकाला स्कॅनला पाठवलं तर धडधाकट माणसं हकनाक घाबरतील, नको त्या सुया टोचून घेतील.

मग फॅमिली डॉक्टर काय करतो? धोक्याच्या खुणा बारकाईने शोधतो. त्या नसतील तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावतो. काळ हीच त्याची एक तपासणी असते. साधा ताप आठवड्यात उतरतो, न उतरणारा आपोआप वेगळा दिसू लागतो. नवख्याला हे हात झटकणं वाटतं. तोच रुग्ण दुसऱ्या आठवड्यात परत आलेला बघेपर्यंत त्यातली जबाबदारी कळत नाही.

रोटेशन संपताना शिफारसपत्र लिहिलं जातं. सहसा ते उमेदवाराला दिसत नाही, लिहिणारा ते थेट अर्जाच्या प्रणालीत पाठवतो. नुसतं ‘हुशार आणि मेहनती’ लिहिलेल्या पत्राला फारसं वजन नसतं. मोज्याच्या आतला पाय बघायचा राहिला हे कुणाच्या लक्षात आलं, याला असतं. पुढे मुलाखती आणि मार्चमधला मॅच: उमेदवाराची पसंती आणि संस्थांची पसंती जुळवणारं गणित. त्याच्या सिद्धान्तासाठी आणि वापरासाठी लॉइड शेपली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मॅच झाला की तीन वर्षांची रेसिडेन्सी, तिचे स्वतःचे म्हणून ठरलेले रुग्ण. जे-१ व्हिसावर गेली असेल तर नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट. नॉर्थ डकोटाचे तत्कालीन सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाने १९९४ पासून चालत आलेल्या योजनेत ही अट माफ होऊ शकते, मात्र त्यासाठी डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. त्यांतल्या काही जागा अशा गावांत असतात, जिथून एमआरआय दूरच्या शहरात असतं. तिथे दाराशी आलेल्या डोकेदुखीचं तिलाच ठरवावं लागतं: आत्ता गाडीत घालून पाठवायचं, की मंगळवारी पुन्हा बोलवायचं.