चिवट वेदना आणि फिजिओथेरपी
३ महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात.

● कारण : इजा भरून आल्यावरही चेतासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते. दुखणे म्हणजे दरवेळी नवी इजा नव्हे, हे रुग्णाला आधी समजावतात.

● व्यायाम : झेपेल तेवढ्यापासून सुरुवात, वेळ ठरवून हळूहळू वाढ, मध्ये विश्रांती.

● सीआरपीएस (हातापायाची गुंतागुंतीची वेदना) : चित्रांतील डावा-उजवा अवयव ओळखणे, मनातल्या मनात हालचाल, मग आरशाचा उपचार (निरोगी अवयवाचे प्रतिबिंब पाहत हालचाल).

● शेक, टेन्स (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारे) यंत्र : तात्पुरता आराम, व्यायामाला पूरक.

● लखनौत उपचाराची सोय : किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात भौतिक चिकित्सा व पुनर्वसन विभाग, संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत वेदना चिकित्सालय.