नवीन मॉडेल म्हणजे फक्त नवीन स्टिकर? दरवर्षीच्या बाइक अपडेटवर रायडर नाराज का होतात?

पुण्याजवळ चाकण-तळेगाव पट्ट्यात लाल नंबरप्लेटची, अंगभर काळी-पांढरी नक्षी चिकटवलेली एखादी बाइक सिग्नलला दिसली, की मागचा कुणीतरी मोबाइल काढतोच. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळीकडे फिरतो. आठवडाभरात यूट्यूबवर 'अशी असेल नवी बाइक' म्हणून कॉम्प्युटरवर रंगवलेली चित्रं येतात. सोबत अंदाजे किंमत, अंदाजे ताकद आणि अंदाजे तारीख. काही महिन्यांनी बाइक लाँच होते आणि प्रतिक्रिया येते, "एवढंच?"

२०२१ साली पल्सर २५० चं असंच झालं. पहिली पल्सर २००१ ची. तिला २० वर्षं पूर्ण होत असताना आजवरची सर्वांत मोठी पल्सर येणार म्हटल्यावर अपेक्षा वाढल्या. लिक्विड कूलिंग, सहा गिअर आणि पुढे जाड अपसाइड डाउन फोर्क अशी यादी लोकांनी मनातल्या मनात करून टाकली होती. २८ ऑक्टोबर २०२१ ला एफ २५० आणि एन २५० या दोन बाइक आल्या. त्यांचं इंजिन ऑइल कूल्ड, दोन व्हॉल्व्हचं. गिअर पाच. फोर्क साधे. ताकद २४.५ पीएस.

हा आकडा अनेकांना झोंबला, कारण बजाजच्याच पल्सर एनएस २०० ची ताकदही २४.५ पीएस होती. तिला लिक्विड कूलिंग होतं, चार व्हॉल्व्ह होते, सहा गिअर होते. मग ५० सीसी जास्त घेऊन मिळालं काय?

मिळालं ते टॉर्कमध्ये. एनएस २०० चा टॉर्क साधारण १८.७ न्यूटन मीटर, तर नव्या २५० चा २१.५, आणि तोही इंजिनच्या कमी फेऱ्यांवर. म्हणजे सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा मागे कुणी बसलेलं असताना चढावर सारखा गिअर बदलावा लागत नाही. इंजिनात भाग कमी, त्यामुळे देखभाल सोपी. एन २५० ची एक्स-शोरूम किंमत १.३८ लाख ठेवता आली. सहा गिअर आणि लिक्विड कूलिंगच हवं असेल, तर बजाजकडे २७ पीएसची डॉमिनार २५० होतीच, फक्त जास्त किमतीला. कंपनीने वेगळ्या ग्राहकासाठी वेगळी बाइक बनवली होती. पण ती आली पल्सर या नावाने, आणि त्या नावाकडून लोकांना वेगाची अपेक्षा होती.

खरी नाराजी पुढे होती. एप्रिल २०२४ मध्ये एन २५० चं अपडेट आलं. त्यात अपसाइड डाउन फोर्क, डिजिटल डिस्प्ले आणि ट्रॅक्शन कंट्रोल होतं. किंमत साधारण १.५१ लाख. आधी जे मागितलं होतं त्यातलं काही अडीच वर्षांनी मिळालं, पण ज्यांनी पहिल्या दिवशी विश्वास टाकून बाइक घेतली त्यांना नाही. मोबाइलसारखं सॉफ्टवेअर अपडेट करून फोर्क बदलता येत नाही.

'नवीन' या एकाच शब्दात किती गोष्टी येतात?

शोरूममध्ये 'न्यू २०२५ मॉडेल' असा बोर्ड लागतो, तेव्हा त्याचे तीन अगदी वेगळे अर्थ असू शकतात.

सर्वांत स्वस्त अर्थ म्हणजे रंग आणि ग्राफिक्स. याला कंपनीला फारसा वेळ लागत नाही, खर्चही कमी. परदेशातल्या रायडर मंडळींनी यासाठी 'बीएनजी' असा शब्दच काढलाय. बीएनजी म्हणजे बोल्ड न्यू ग्राफिक्स. जाहिरातीतल्या भाषेची ती थट्टा आहे. आपल्याकडे त्याला सरळ 'स्टिकर बदलला' म्हणतात.

दुसरा अर्थ म्हणजे इंजिन तेच ठेवून ब्रेक, डिस्प्ले, सस्पेन्शन, टायर यांतला एखादा भाग बदलणं. इथून मात्र काम वाढतं. भारतात विकायच्या वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मान्यता लागते. ती देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. टाकीवरचा पट्टा बदलला तर काही अडत नाही, पण प्रदूषण, ब्रेकिंग किंवा आवाज यांवर परिणाम करणारा बदल केला की पुन्हा चाचण्या आणि कागदपत्रं आली.

तिसरा अर्थ म्हणजे नवी पिढी. नवं इंजिन, नवी चासी. हे दरवर्षी होऊच शकत नाही. इंजिनचे साचे आणि मशीन यांत घातलेला पैसा वसूल व्हायलाच काही वर्षं जातात. तारखा पाहा. केटीएम ३९० ड्यूक २०१३ मध्ये आली, दुसरी पिढी २०१७ ला आणि तिसरी २०२३ ला. यामाहा आर१५ ची आवर्तनं २००८, २०११, २०१८ आणि २०२१ ची. रॉयल एनफिल्ड हिमालयन २०१६ ला आली, तिचं ४११ सीसी इंजिन जाऊन ४५२ सीसी यायला २०२३ उजाडलं. म्हणजे दोन पिढ्यांमध्ये तीन ते सात वर्षं जातात. मधल्या काळात शोरूममध्ये काहीतरी ताजं दिसलं पाहिजे, म्हणून रंग येतात.

रायडर पिढी बदलण्याची वाट पाहत असतो आणि हातात रंग पडतो. कंपनीही जाहिरातीत दोन्हीला 'ऑल न्यू' म्हणायला कमी करत नाही. माझ्या मते अर्धा दोष या शब्दाचा आहे. उरलेला अर्धा गप्प बसण्याचा, पण त्याला कारण आहे. सहा महिन्यांनी चांगली बाइक येतेय असं कंपनीने आज सांगितलं, तर आजची बाइक कोण घेईल? डीलरच्या गोडाऊनमधला माल तसाच पडून राहील. म्हणून अधिकृत माहिती शेवटच्या आठवड्यापर्यंत येत नाही, आणि ती जागा अफवा भरून काढतात.

पैसे वाढले, पण दिसत काहीच नाही

गेल्या दहा वर्षांत आपल्याकडच्या बाइकमधले मोठे बदल बहुतेक १ एप्रिलला झाले, कारण तारीख सरकारची होती. २०१७ ला बीएस ४ आणि कायम सुरू राहणारा हेडलाइट. १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलना एबीएस २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना २०१९ पासून. २०२० ला बीएस ६. २०२३ ला बीएस ६ चा दुसरा टप्पा, म्हणजे धुराचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेवर नजर ठेवणारी ओबीडी-२ प्रणाली. २०२५ ला तिची पुढची पायरी, ओबीडी-२बी.

यातलं एबीएस लोकांना पटलं, कारण ओल्या रस्त्यावर त्याचा उपयोग कळतो. बीएस ६ ला मात्र शिव्या पडल्या. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, सायलेन्सरमध्ये मोठा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, किंमत काही हजारांनी वाढली आणि काही बाइकची ताकद चक्क कमी झाली. आर१५ ची ताकद बीएस ४ मध्ये १९.३ पीएस होती, बीएस ६ मध्ये १८.६ झाली. धूर स्वच्छ करायचा तर पेट्रोल-हवेचं मिश्रण काटेकोर ठेवावं लागतं आणि एक्झॉस्टच्या वाटेत अडथळा येतो, त्याची ही किंमत. ओबीडी तर त्याहून अदृश्य. सेन्सर आणि कॉम्प्युटरवर खर्च झाला, पण रायडरच्या हाताला त्यातलं काहीच लागत नाही. अशा वर्षी कंपनी सोबत एक नवा रंगही देते. मग माणूस म्हणतो, "रंगाचे तीन हजार घेतले." त्याची चूक नाही, बिलावर ओबीडी असं कुठेच लिहिलेलं नसतं.

आकडा कमी झाल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हायाबुसाचं. 'धूम'मुळे आपल्याकडे ज्यांनी ती कधी जवळून पाहिली नाही, त्यांनाही तिचं नाव माहीत आहे. १९९९ ची पहिली, २००८ ची दुसरी आणि तब्बल १३ वर्षांनी २०२१ ला तिसरी. मधल्या काळात टर्बो लावणार, इंजिन मोठं होणार अशा चर्चा रंगल्या. प्रत्यक्षात इंजिन तेच १३४० सीसी राहिलं आणि ताकद १९७ पीएसवरून १९० वर आली. युरोप ५ चे नियम पाळून मधल्या वेगातली ओढ सुधारण्यावर सुझुकीने भर दिला होता. नाराजीचा पूर आला. भारतात १६.४० लाखांना आलेल्या या बाइकची १०१ गाड्यांची पहिली खेप मात्र दोन दिवसांत संपली. आकड्यावर चिडणारे आणि पैसे मोजणारे बऱ्याचदा वेगवेगळे असतात.

बदललं तरी राग, नाही बदललं तरी राग

उलटंही घडतं. २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने क्लासिक ३५० ला पूर्ण नवं इंजिन आणि नवी चासी दिली. थरथर कमी झाली, हायवेवर ८०-९० च्या वेगात हात बधिर होणं थांबलं. म्हणजे वर्षानुवर्षांची तक्रार मिटली. तेव्हा जुने बुलेटवाले म्हणाले, आता तो धडधडाट राहिला नाही!

पल्सर २२० एफची गोष्ट तर त्याहून गमतीची. २००७ ला ती फ्युएल इंजेक्शन घेऊन आली. २००९ ला कंपनीने इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवला, म्हणजे तंत्रज्ञानात एक पाऊल मागे. पण किंमत उतरली, ताकद किंचित वाढली आणि हीच आवृत्ती लोकांनी डोक्यावर घेतली. एफ २५० आल्यावर २०२२ मध्ये २२० एफ बंद झाली. मागणी काही हटेना, म्हणून २०२३ मध्ये ती परत आणावी लागली. जवळपास तोच चेहरा, तोच हेडलाइट. इथे न बदलणं हेच लोकांना हवं होतं. गावात पार्ट मिळतो, मेकॅनिकला इंजिन पाठ आहे आणि जुनी विकताना भाव येतो, या गोष्टी लाँचच्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही.

मग थांबायचं की घ्यायची?

जे अपडेट आलंय ते तीनपैकी कुठल्या अर्थाने नवीन आहे हे ओळखायला शोरूममधल्या माणसाची गरज नाही. जुन्या आणि नव्या मॉडेलचे तांत्रिक तपशील शेजारी ठेवा. वजन, ताकद, टॉर्क, टायरचे आकार आणि व्हीलबेस हे सगळं तेच असेल, तर बाइक तीच आहे. अशा वेळी मागच्या वर्षीचा रंग सवलतीत मिळत असेल तर तो घेण्यात काही तोटा नाही. ३९० ड्यूकसारख्या बाइकला शेवटची पिढी येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील आणि टेस्टिंगचे फोटो फिरत असतील, तर थांबण्यात अर्थ आहे. पिढी बदलून वर्ष झालं असेल, तर पुढच्या रंगासाठी थांबणं म्हणजे फुकट रिक्षाला पैसे घालणं.

जुना साठा किती स्वस्त होऊ शकतो हे मार्च २०१७ मध्ये दिसलं होतं. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस ३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली. डीलरकडे लाखो दुचाकी पडून होत्या. पुढचे दोन दिवस काही मॉडेलवर २२ हजारांपर्यंत सूट होती आणि शोरूमबाहेर रांगा. एरवी एवढी सूट मिळत नाही, पण डिसेंबरमध्ये थोडं तेच गणित चालतं. १ जानेवारीनंतर तीच बाइक मागच्या सालची ठरते.

त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत बाइक घेताना पैसे भरण्याआधी उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारा. ते पुढे आरसीवर छापून येतं आणि जुनी विकताना घेणारा नोंदणीच्या तारखेआधी तेच बघतो. नोव्हेंबरमध्ये बनलेली बाइक फेब्रुवारीत नव्या सालच्या किमतीत देत असतील, तर घासाघीस करायला पूर्ण जागा आहे.