राज्याविना सम्राज्ञी

१२४८-४९च्या हिवाळ्यात, फ्रान्सचा राजा नववा लुई सैन्यासह सायप्रसमध्ये तळ ठोकून असताना, कॉन्स्टॅन्टिनोपलची सम्राज्ञी मारी पाफोसला येऊन पोहोचली. वादळी वाऱ्यात नांगराचे दोर तुटले आणि तिचं जहाज सामानासकट एकर बंदराकडे वाहून गेलं. उरलं ते अंगावरचं वस्त्र, वरचा झगा, बस्स. तिला आणायला गेलेल्या ज्वांव्हिल या फ्रेंच सरदाराने दुसऱ्या दिवशी पोशाखासाठी कापड आणि अस्तर पाठवलं. ही हकिकत त्यानेच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

मारी तेव्हा गादीवरच्या सम्राटाची बायको होती, हे लक्षात घ्यायला हवं. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी ग्रीकांचं हे शहर लुटून तिथे आपलं राज्य मांडलं. पण ते सदैव कर्जात बुडालेलं. मारीचा नवरा दुसरा बाल्डविन इतका नडला की पोटच्या मुलाला, फिलिपला, त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे तारण ठेवलं. मदत मागत फिरायचं काम मारीच्या वाट्याला आलं. अखेर २५ जुलै १२६१ रोजी ग्रीकांनी शहर परत घेतलं. माझ्या मते ते न्याय्यच होतं.

राज्य गेलं, किताब मात्र राहिला. पश्चिम युरोपात तो मुलींनाही वारशाने मिळे, आणि पूर्वेवर चाल करू पाहणाऱ्याला तो हवाच असे. त्यामुळे फिलिपची मुलगी कॅथरीन १२८३ मध्ये, अवघ्या नऊ वर्षांची असताना, नावापुरती सम्राज्ञी झाली. तिच्या लग्नाची बोलणी किती ठिकाणी झाली! खुद्द ग्रीक सम्राट अँड्रोनिकसने आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. लग्नाने हा दावाच मिटवावा, असा त्याचा हिशेब. ते जमलं नाही. १३०१ मध्ये फ्रेंच राजाचा भाऊ शार्ल द व्हालवा याच्याशी तिचं लग्न झालं. १३०७ मध्ये ती वारली आणि किताब चार वर्षांच्या लेकीकडे गेला. तिचंही नाव कॅथरीन. बर्गंडीच्या ड्यूकशी ठरलेलं लग्न मोडून दहाव्या वर्षी तिला टारान्टोच्या फिलिपला दिली. नवरा पस्तिशीचा.

या धाकट्या कॅथरीनबद्दल मला विशेष आदर वाटतो. विधवा झाल्यावर तिने दिराशी व्यवहार केला: अल्बेनियातल्या दुराझ्झोवरचा हक्क आणि ५,००० औंस सोनं देऊन ग्रीसमधलं अकायाचं राज्य मुलाच्या नावावर करून घेतलं. सोन्याची सोय फ्लॉरेन्सच्या निकोलो आच्चाइओली याने केली. १३३८ मध्ये ती स्वतः तिकडे गेली आणि १३४१ पर्यंत राहिली. इतरांनी दुरून हुकूम धाडले. हिने जागेवर राहून कारभार पाहिला, एपिरस राज्यातून परागंदा झालेल्या निकेफोरस या राजपुत्रालाही आसरा दिला. कॉन्स्टॅन्टिनोपल काही हाती आलं नाही. १३४६ मध्ये नेपल्सला तिचा अंत झाला.

आच्चाइओलीची मुळं मात्र ग्रीसमध्ये खोल गेली. १३५८ मध्ये कॅथरीनच्या मुलाने, रॉबर्टने, त्याला कॉरिंथ दिलं, आणि त्याच घराण्यातल्या नेरिओने १३८८ मध्ये अथेन्स घेतलं.