आजोबांचे छायाचित्र आणि जीवदया

पेढीवरील आजोबांचे छायाचित्र पिवळे पडले, म्हणून नवी प्रत काढावयाची ठरली. तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. रसायनांत धुतल्या जाणाऱ्या छायाचित्र-कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. चिकटवण्याचा सरसही तसाच.

म्हणून जुने चित्र स्कॅन केले आणि जिलेटिन नसल्याची खात्री करून घेतलेल्या सुती कागदावर इंकजेटने छापले. ८ × १० इंचांसाठी २४०० × ३००० पिक्सेल पुरतात. आम्लरहित पुठ्ठ्यावर कागदी पट्ट्यांनी केवळ वरची कड गव्हाच्या खळीने जोडली. त्यामुळे दमट हवेत कागद फुगला तरी सुरकुत्या पडत नाहीत. काच चित्राला टेकू दिली नाही.

आयुष्यभर जीवदया पाळणाऱ्या आजोबांची स्मृतीही आता त्याच मर्यादेत जपली गेली आहे.