बेडी कुणाला, बळ किती?
कोर्टाच्या आवारात आरोपीच्या मनगटांवर टाकलेला रुमाल दिसतो. खाली बेडी असते. गुन्हा सिद्ध होण्याआधीच माणूस चारचौघांत गुन्हेगार ठरतो. १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सरसकट बेड्या घालणे घटनाबाह्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) ने मात्र सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, तसेच खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी अशा प्रकरणांत बेडीची मुभा दिली. मूळ विधेयकात आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर ते वगळले, हे बरे झाले. आरोपी निसटला तर कारवाई सोबतच्या शिपायावर होते, ही पोलिसांची धास्ती खोटी नाही. पण याच संहितेचे कलम ४६ तितकेच स्पष्ट आहे: पळून जाऊ नये इतपतच बंधन, त्याहून जास्त नाही.