बोअरवाल्याला काय विचारावे?

अमरावती शहराखाली काळा पाषाण आहे. तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवर, दर्यापूरच्या परिसरात मात्र खोलवर खणले तरी खडक लागत नाही; लागतो तो पूर्णा नदीने युगानुयुगे आणून टाकलेला गाळ. म्हणून अमरावतीत नाव मिळवलेला बोअरवाला दर्यापूरलाही उपयोगी पडेल असे नाही. तुमच्या घरी विंधणविहिरीचा बेत चालला असेल, तर वडीलधाऱ्यांबरोबर तुम्हीही त्याला चार प्रश्न विचारा.

पाषाणात छिद्र पाडतो तो दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा. तो छिद्राच्या तळाशी राहून घाव घालतो आणि तीच हवा खडकाचा भुगा वर उडवते. गाळात हा हातोडा कुचकामी ठरतो, कारण छिद्राच्या भिंती ढासळतात. तेथे फिरते पाते आणि चिखलाचे दाट पाणी लागते. त्याच्या दाबाने भिंती तोलून धरल्या जातात. तेव्हा आधी विचारा, ‘आमच्या जमिनीत तुमचे यंत्र चालेल का?’

मग पाणी कसे शोधणार? पाणाड्याचा नारळ सोडून देऊ. विजेच्या पद्धतीत जमिनीत एका ओळीत, समान अंतरावर चार सळ्या ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधील विभवांतर मोजतात. त्यावरून जमिनीची रोधकता काढता येते. सळ्यांमधील अंतर वाढवावे तसतशी अधिक खोलवरची. अखंड पाषाणाची रोधकता फार मोठी, पाणी मुरलेल्या मांजऱ्या खडकाची बरीच कमी. पण येथेच फसगत होते. यंत्र पाणी दाखवत नाही, रोध दाखवते. खाऱ्या पाण्यात आयन विपुल असल्याने त्याचा रोध गोड्या पाण्याहूनही कमी असतो, आणि चिकणमातीचाही कमीच. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात ‘रोध कमी, म्हणजे भरपूर पाणी’ असे छातीठोकपणे सांगणारा माणूस तुम्हाला पैसे मोजून मीठच विकेल! जाणता माणूस शेजारच्या विहिरींचे पाणी आधी तपासतो. खारा थर लागला तर तेथे बिनछिद्रांचा नळ बसवून भोवतालची पोकळी बंद करतो आणि जाळीचा नळ फक्त गोड्या थरासमोर ठेवतो.

पैसे खोलीवर मोजतात, म्हणून आत गेलेले नळ स्वतः मोजा; नळांची संख्या गुणिले एकाची लांबी, हिशेब सोपा आहे. केसिंगचे नळ वेगळे मोजा. ठरावीक अंतरावरचा भुगा पुड्यांत बांधून ठेवा.

‘दोन इंच पाणी लागले’ हे शब्दही तपासून घ्या. हे इंच काटकोनी खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीचे असतील, तर प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. एक इंचाला ताशी सुमारे ५०० लिटर, तर दोन इंचांना दुप्पट नव्हे, सुमारे २९०० लिटर! अर्ध्या इंचाची थाप किती महागात पडेल, ते गणित करून पाहा.

शेवटचा प्रश्न कोरड्या बोअरचा. उघड्या बोअरमध्ये मुले पडून दगावल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्देश दिले: बोअर पाडणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी, आणि सोडून दिलेले छिद्र तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे किंवा निघालेल्या भुग्याने भरलेच पाहिजे. पाणी न लागल्यास हे काम कोण करणार, ते यंत्र अंगणात येण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्या.